वाचकांचे प्रश्न : जुना संगणक सुरू झाला, आता जोडू का?

बंद पडलेला जुना संगणक पुन्हा कसा चालू करावा, याबद्दल मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच काळजी आहे : सुरू तर झाला, पण तो वापरणं सुरक्षित आहे का? म्हणून या वेळी फक्त सुरक्षिततेचे प्रश्न घेतले आहेत. पत्रं लांब होती, ती आटोपशीर केली आहेत.

आधी माझी एक सवय सांगते. "हे यंत्र सुरक्षित आहे का?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, "या यंत्राच्या हाती तुम्ही काय देणार आहात?" जुन्या संगणकाचं स्वतःचं नुकसान बहुतेक वेळा भरून काढता येतं. डिस्क पुसायची, पुन्हा विंडोज घालायचं, झालं. पण त्यावर टाइप केलेला बँकेचा पासवर्ड, त्याला लावून पुन्हा नव्या संगणकाला लावलेला पेनड्राइव्ह, त्याच्यासाठी सैल केलेलं घरचं वायफाय, यांचं तसं नसतं. माझी बहुतेक उत्तरं याच एका विचारातून आली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे २००५ सालचा लॅपटॉप आहे. त्यावर विंडोज एक्सपी आहे. काही जुने खेळ आणि सीडीवरचा एक शब्दकोश फक्त त्यावरच चालतो. ई-मेल आणि बँकेचं कामही त्यावरच करावं म्हणते. चांगलं अँटिव्हायरस टाकलं तर चालेल ना?

उत्तर : खेळ आणि शब्दकोश जरूर चालू ठेवा. ई-मेल आणि बँक मात्र त्यावर नको, अँटिव्हायरस टाकलं तरी नको. का नको ते नीट सांगते, कारण हाच प्रश्न सगळ्यांत जास्त पत्रांत आला आहे.

एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये आलं आणि ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने त्याचे सुरक्षा अपडेट थांबवले. त्यानंतर त्यात जी भगदाडं सापडली, ती उघडीच राहिली. मोजके अपवाद झाले. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने दीडशेहून अधिक देशांतले संगणक कुलूपबंद केले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठीही तातडीची दुरुस्ती दिली. २०१९ मध्ये ब्लूकीप नावाच्या दोषासाठी पुन्हा एकदा दिली. हे दोन्ही अपडेट तुमच्या लॅपटॉपवर नसतील तर नक्की टाका. पण तेवढ्याने यंत्र आजच्या काळाचं होत नाही.

एक आठवण सांगते. २००४ च्या मे महिन्यात एका मैत्रिणीच्या संगणकावर मी नव्याने एक्सपी टाकलं आणि अपडेट उतरवायला तो थेट मोडेमला जोडला. आम्ही एकही संकेतस्थळ उघडलं नव्हतं, एकही फाइल घेतली नव्हती. अपडेट अर्ध्यावर असतानाच पडद्यावर चौकट आली : साठ सेकंदांत संगणक बंद होणार. सासर नावाचा वर्म, म्हणजे जाळ्यातून आपोआप पसरणारा व्हायरस, आत शिरला होता. तो यायला तुम्ही काही उघडावं लागत नसे. तो एका यंत्रातून दुसऱ्या यंत्राच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे जाळ्याकडच्या एका दारावर, ठोठावत फिरायचा. आधीच्या वर्षी ब्लास्टर नावाच्या वर्मने १३५ क्रमांकाच्या पोर्टवरून हेच केलं होतं. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला आणि त्यात फायरवॉल आपोआप चालू झाली, तेव्हा कुठे हे थोडं आवरलं. त्या संध्याकाळी दुरुस्तीची सीडी शोधत आम्ही दोघी रात्री उशिरापर्यंत बसलो होतो. तेव्हापासून मी कुठलंही जुनं विंडोज थेट मोडेमला जोडलेलं नाही.

तुमचा लॅपटॉप घरच्या राउटरच्या मागे असेल तर असा ठोठावणारा पाहुणा सहसा दारापर्यंत पोहोचत नाही. आतून कुणी मागितल्याशिवाय बाहेरून आलेलं काहीही राउटर आत सोडत नाही. म्हणून राउटरच्या मागचा एक्सपी चालू करताक्षणी बाधित होतो, ही भीती खरी नाही. पण राउटर दोन गोष्टींपासून वाचवू शकत नाही : तुम्ही स्वतः बाहेरून ओढून आणलेलं पान, आणि घरातच असलेलं दुसरं बाधित यंत्र.

पहिली गोष्ट म्हणजे ब्राउझर. क्रोमने एप्रिल २०१६ मध्ये एक्सपीला सोडलं, फायरफॉक्सने २०१८ मध्ये. आज तुम्ही त्यावर जो ब्राउझर उघडाल, त्यातले दोष अनेक वर्षांपूर्वी जाहीर झालेले आहेत. ते कसे वापरायचे हेही छापून आलेलं आहे. नुसती एखादी जाहिरात पानावर आली तरी पुरे. अँटिव्हायरस इथे उपयोगाचं नाही असं मी म्हणणार नाही, पण एक्सपीवर चालणाऱ्या बहुतेक अँटिव्हायरसना नव्या व्हायरसची ओळख पुरवणं कधीच थांबलं आहे. शिवाय ते ओळखीच्या चोराला पकडतं, उघडी राहिलेली खिडकी लावून घेत नाही.

मग करायचं काय? खेळ आणि शब्दकोश यांना इंटरनेट लागतच नाही. वायफाय बंद करा. लॅपटॉपच्या कडेला त्याचं बटण असेल तर तेच सरकवा. जे सॉफ्टवेअर हवं ते नव्या संगणकावर उतरवा, तिथे तपासा आणि सीडीवर लिहून एक्सपीला द्या. ई-मेलचा पासवर्ड तर त्यावर एकदाही टाइप करू नका. आज आपल्या बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड ई-मेलवरूनच बदलता येतात. म्हणून बँकेइतकीच काळजी ई-मेलची घ्यायची.

प्रश्न : कमोडोर ६४ या १९८० च्या दशकातल्या घरगुती संगणकाला कसला आलाय धोका? मी त्याला वायफाय मोडेम लावून जुन्या पद्धतीच्या बुलेटिन बोर्डवर, म्हणजे मोडेमने जोडून निरोप वाचायच्या फलकांवर, जातो.

उत्तर : यंत्राला जवळजवळ काहीच नाही. त्याची मूळ प्रणाली रॉममध्ये कोरलेली आहे. ६४ किलोबाइट रॅममध्ये जे काही असेल ते बटण बंद केलं की पुसलं जातं. आजचा कुठलाही व्हायरस त्या प्रोसेसरवर चालत नाही. त्या काळी त्याच्यासाठीही एखाददुसरा व्हायरस लिहिला गेला होता, पण तो फ्लॉपीवरून पसरायचा.

धोका आहे तो तुमच्या पासवर्डला. तो वायफाय मोडेम तुमच्याकडून जुन्या टेलिफोन मोडेमसारख्या आज्ञा घेतो आणि पुढे बहुधा टेलनेट या जुन्या पद्धतीने बोलतो. टेलनेटमध्ये काहीही झाकलेलं नसतं. तुम्ही टाइप केलेलं अक्षर न् अक्षर वाटेतल्या कुणालाही वाचता येतं. म्हणून बुलेटिन बोर्डसाठी असा पासवर्ड ठेवा जो दुसरीकडे कुठेही वापरलेला नाही. आणि त्या छोट्या मोडेमला घरच्या मुख्य वायफायऐवजी पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर बसवा. त्यात तुमच्या वायफायचा पासवर्ड साठवलेला असतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. उद्या तो मोडेम कुणाला दिलात तर पासवर्डही सोबत जाईल.

तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट सांगते, कारण तुमच्या यंत्राला खरी भीती तिचीच आहे. कमोडोर ६४ चा मूळ पॉवर सप्लाय बिघडतो तेव्हा पाच व्होल्टच्या जागी जास्त व्होल्ट सोडतो आणि रॅमच्या चिपा जाळतो. तो आधी मीटरने तपासा, किंवा नव्याने बनवलेला सप्लाय वापरा.

प्रश्न : वडिलांच्या कपाटात फ्लॉपींचा डबा सापडला. काही सव्वापाच इंची, बाकीच्या साडेतीन इंची. त्यात त्यांची टिपणं असावीत. फ्लॉपीत व्हायरस असेल तर तो इतक्या वर्षांनी जिवंत असतो का? माझा नवा संगणक बिघडेल का?

उत्तर : जिवंत हा शब्द तुम्ही अगदी बरोबर वापरलात. फ्लॉपीवरची चुंबकीय खूण टिकली असेल तर व्हायरसही टिकला असेल. तो शिळा होत नाही. २००७ मध्ये जर्मनी आणि डेन्मार्कमध्ये विकल्या गेलेल्या काही कोऱ्या लॅपटॉपवर स्टोन्ड कुळातला १९९४ सालचा बूट सेक्टर व्हायरस निघाला होता. तेव्हा त्याचं वय तेरा वर्षं होतं.

हे व्हायरस कसे चालतात ते समजलं की भीती बरीच कमी होते. फ्लॉपीचा अगदी पहिला तुकडा ५१२ बाइटचा असतो. त्याला बूट सेक्टर म्हणतात. संगणक सुरू करताना ड्राइव्हमध्ये फ्लॉपी राहिली असेल तर संगणक तो तुकडा वाचतो आणि त्यातली आज्ञा निमूटपणे पाळतो. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ब्रेन हा व्हायरस याच जागी बसायचा. ६ मार्चला हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग खराब करणारा मायकेलँजेलोही इथलाच. "माझ्या फ्लॉपीत प्रोग्रॅम नाहीत, नुसती पत्रं आहेत, मग व्हायरस कसा येईल?" असं त्या काळी हमखास ऐकू यायचं. पण बूट सेक्टर प्रत्येक फ्लॉपीला असतो, नुसत्या पत्रांच्या फ्लॉपीलाही. "ही सिस्टिम डिस्क नाही, दुसरी घाला" असा संदेश पडद्यावर आला म्हणजे तो तुकडा चालून गेलेला असायचा. तोवर काम झालेलं असे.

माझ्या स्वतःच्या डब्यातल्या एका फ्लॉपीवर फॉर्म नावाचा व्हायरस होता. महिन्याच्या १८ तारखेला प्रत्येक कळ दाबताना टिक असा आवाज करायचा, एवढाच त्याचा दिखावा. कळफलकाचा ड्रायव्हर चालू असला तर तोही ऐकू येत नसे. त्यामुळे तो कितीतरी महिने माझ्या हातून इतरांच्या संगणकांवर गेला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता तुमच्या संगणकाविषयी. नवं विंडोज, मॅक किंवा लिनक्स चालू असताना यूएसबी ड्राइव्हमध्ये ती फ्लॉपी घातलीत तर बूट सेक्टरमधलं काहीही चालत नाही. फाइलींसारखंच तेही नुसतं वाचलं जातं. संगणक सुरू करताना मात्र ड्राइव्हमध्ये फ्लॉपी ठेवू नका. बस्स, एवढं पाळा.

उलट काळजी फ्लॉपीची घ्या. घालण्याआधी तिला लेखनबंदी करा, आणि इथे गोंधळ होतो म्हणून सावकाश वाचा. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी असली की लेखनबंदी असते. सव्वापाच इंचीचं बरोबर उलटं : कडेची खाच कागदी पट्टीने झाकली की लेखनबंदी होते. ही बंदी ड्राइव्ह स्वतः पाळतो, कुठल्याही प्रोग्रॅमला ती मोडता येत नाही. व्हायरस नसला तरीही ती करा, कारण विंडोज ९५ आणि ९८ मध्ये नुसती फ्लॉपी घातली तरी विंडोज तिच्या बूट सेक्टरमध्ये स्वतःची खूण लिहून ठेवायचं. वडिलांच्या फ्लॉपीवर आता कुणीच काही लिहायला नको.

साडेतीन इंचीसाठी साधा यूएसबी ड्राइव्ह पुरतो. सव्वापाच इंचीसाठी जुना ड्राइव्ह आणि ग्रीझवीझलसारखं छोटं बोर्ड लागेल. ते फ्लॉपीवरची चुंबकीय स्थिती जशीच्या तशी टिपून घेतं. आधी फ्लॉपीवर बुरशी दिसते का ते पाहा. दिसली तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका, एक फ्लॉपी ड्राइव्हचं डोकं खराब करते आणि मग तो ड्राइव्ह पुढच्या दहा फ्लॉपी ओरबाडतो. प्रत्येक फ्लॉपीची पूर्ण प्रतिमा, म्हणजे सगळी फ्लॉपी जशीच्या तशी एका फाइलमध्ये, एकदाच घ्या, आणि पुढचं सगळं काम त्या प्रतिमेवर करा.

टिपणं वर्डची असतील तर आणखी एक खबरदारी. १९९५ पासून दस्तऐवजातल्या मॅक्रोंमध्ये, म्हणजे फाइलीसोबत साठवलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, राहणारे मॅक्रो व्हायरस आले. त्यातला पहिला गाजलेला म्हणजे कॉन्सेप्ट. आणि हे नव्या संगणकावरही उघडू शकतात. मॅक्रो बंद ठेवून फाइल उघडा आणि साध्या मजकुराच्या रूपात साठवा. वडिलांची वाक्यं तेवढी येतील, बाकी काही येणार नाही.

प्रश्न : फ्लॉपींचं झालं. जुन्या सीडींचं काय? विंडोज ९८ च्या काळातल्या खेळांच्या, मित्रांनी लिहून दिलेल्या खूप सीडी आहेत.

उत्तर : दुकानातून आलेल्या सीडीपेक्षा मित्राने लिहून दिलेल्या सीडीची जास्त काळजी घ्या. त्या काळातला सीआयएच हा व्हायरस विंडोज ९५, ९८ आणि एमई या तिन्हींवर चालतो. तो जेमतेम एक किलोबाइटचा आहे आणि प्रोग्रॅमच्या फाइलमधल्या रिकाम्या फटींत बसतो, त्यामुळे फाइलचा आकारही वाढत नाही. २६ एप्रिलला तो हार्ड डिस्कची सुरुवात पुसतो. काही मदरबोर्डवर बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची, चिपसुद्धा खराब करतो. १९९९ मध्ये त्या दिवशी असंख्य संगणक बंद पडले. तुमच्या विंडोज ९८ यंत्राच्या घड्याळात दर वर्षी २६ एप्रिल उगवतोच.

सीडी आधी नव्या संगणकात घालून तपासा. आजची अँटिव्हायरस हे जुने व्हायरस सहज ओळखतात. आणि जुन्या मदरबोर्डवर बायोस लिहिणं बंद करणारा जम्पर (बोर्डवरची छोटी जोडपिन) असेल तर तो लावून ठेवा.

प्रश्न : एक्सपीवाला संगणक नव्या विंडोजला दिसत नाही. नव्या विंडोजमध्ये एसएमबी १ चालू केलं की दिसेल असं एकाने सांगितलं. चालू करू का?

उत्तर : कृपा करून करू नका. जुन्यासाठी नव्याला अधू करायचं नाही, हे एवढं माझ्यासाठी ऐका.

एसएमबी १ ही फाइलींची देवाणघेवाण करण्याची १९८० च्या दशकातली भाषा आहे. २०१७ च्या वॉनाक्रायने नेमकी तिच्यातलीच चूक वापरली. आणि तेव्हा बाधित झालेली बहुतेक यंत्रं एक्सपीची नव्हती, विंडोज ७ ची होती, म्हणजे लोकांच्या रोजच्या वापरातली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूतल्या अपडेटपासून नव्याने घातलेल्या विंडोज १० मध्ये एसएमबी १ आपोआप येत नाही, ते याच कारणाने. तुमची खरी कागदपत्रं, फोटो, बँक हे सगळं नव्या संगणकावर आहे. एक्सपीची सोय व्हावी म्हणून त्याचं दार कशाला मोडायचं?

यावर दोन वाटा आहेत. सोपी वाट म्हणजे सीडी, किंवा जुन्या यंत्राला हार्ड डिस्क म्हणून बसवलेलं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड काढून नव्या संगणकाच्या कार्ड रीडरमध्ये घालणं. दुसरी वाट मी स्वतः वापरते. रास्पबेरी पायसारख्या एका छोट्या संगणकावर सांबा हा फाइली वाटणारा प्रोग्रॅम चालवायचा. तो नव्या संगणकाशी नवी भाषा बोलतो, जुन्याशी जुनी. त्यात एकच फोल्डर ठेवायचं, आणि जुन्या यंत्राला ते फक्त वाचता येईल असं करायचं. त्या फोल्डरमध्ये दुसरीकडे प्रत नाही असं काहीही ठेवायचं नाही. मधल्या यंत्राला काही झालं तर कार्ड पुसून दहा मिनिटांत पुन्हा उभं राहतं.

तुमच्याकडे दोन जुनी यंत्रं असतील आणि त्यांनी फक्त एकमेकांशीच बोलायचं असेल, तर त्यांना नेटबीयूआय ही जाळ्यावर बोलण्याची जुनी भाषा द्या. एक्सपीच्या सीडीवर व्हॅल्यूअॅड नावाच्या फोल्डरमध्ये ते असतं. ती भाषा राउटर ओलांडूच शकत नाही, त्यामुळे तिच्यावरून इंटरनेटपर्यंत काही जाणार नाही. विंडोज ९८ वापरणाऱ्यांनी तर हे आवर्जून करावं. त्यातल्या शेअरच्या पासवर्डमध्ये अशी चूक होती की पहिलं अक्षर बरोबर दिलं तरी दार उघडायचं. दुरुस्ती २००० सालीच आली, पण किती यंत्रांवर ती टाकलेली असते?

प्रश्न : माझ्या जुन्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड फक्त वेप ही वायफायला कुलूप घालायची जुनी पद्धत ओळखतं. भाऊ म्हणतो राउटरवर वेप लाव, काही होत नाही.

उत्तर : होतं. वेपची पद्धत मुळातच चुकीची आहे, हे २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी दाखवून दिलं. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी तिची किल्ली एका मिनिटाच्या आत काढून दाखवली. राउटर वेपवर नेलात तर तुमच्या लॅपटॉपबरोबर भावाचा फोनही त्याच मोडक्या कुलुपामागे जातो. लॅपटॉपला इथरनेटची केबल लावा. लॅपटॉपला तिचं भोक नसेल तर कडेच्या खाचेत बसणारं कार्डबसचं इथरनेट कार्ड मिळतं. केबल पोहोचत नसेल तर छोटा वायरलेस ब्रिज घ्या. तो राउटरशी आजच्या पद्धतीने बोलतो आणि लॅपटॉपला साधी केबल देतो.

प्रश्न : जुन्या मॅकवर जवळपास एकही संकेतस्थळ उघडत नाही. प्रमाणपत्र चुकीचं आहे असं सांगतो. घड्याळही सारखं मागे जातं. "तरीही पुढे जा" दाबू का?

उत्तर : घड्याळाचा सेल संपला आहे. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. संगणकाला अजून कित्येक वर्षांपूर्वीचं साल चालू आहे असं वाटत असेल, तर आजचं प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेलं दिसतं. सेल बदलून तारीख लावा. तसाही तो जुना लिथियम सेल लवकर काढा. तो फुटून गळला की बोर्ड खाऊन टाकतो.

तरीही बहुतेक पानं उघडणार नाहीत. संकेतस्थळाशी होणारं बोलणं झाकणाऱ्या टीएलएस या पद्धतीच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या प्रमुख ब्राउझरनी २०२० च्या सुमारास बंद केल्या आणि २०२१ मध्ये त्या अधिकृतपणे बाद झाल्या. तुमच्या मॅकला त्यापुढचं येत नाही. यासाठी अनेक जण वेबवन किंवा वेब रेंडरिंग प्रॉक्सी असा मध्यस्थ प्रोग्रॅम (प्रॉक्सी) घरच्या दुसऱ्या संगणकावर चालवतात. तो संगणक बाहेरच्या जगाशी आजच्या पद्धतीने बोलतो आणि तुमच्या मॅकला साधं, उघडं पान किंवा पानाचं चित्र देतो. वाचायला ही फार सुरेख सोय आहे, मीही ती वापरते. पण प्रॉक्सी ते तुमचा मॅक एवढ्या अंतरात काहीही झाकलेलं नसतं, आणि प्रॉक्सीला सगळं दिसतं. म्हणून ती स्वतःच्या घरातली असावी, अनोळखी माणसाची नको, आणि तिच्यातून कुठेही लॉग इन करू नये.

"तरीही पुढे जा" हे बटण फक्त वाचायच्या पानांसाठी दाबा. पुढे पासवर्डची चौकट दिसली की तिथेच थांबा.

प्रश्न : आमच्या कारखान्यातलं एक यंत्र डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाने चालतं. बनवणारी कंपनी आता नाही. दुरून दुरुस्ती करता यावी म्हणून तंत्रज्ञ त्याला नेटवर्कवर आणायचं म्हणतो आहे.

उत्तर : जोडू नका. डॉसमध्ये वापरकर्ता, परवानगी, पासवर्ड असं काहीच नाही. जो प्रोग्रॅम चालू होईल तोच पूर्ण संगणकाचा मालक. ते यंत्र आज सुरक्षित आहे ते एकटं आहे म्हणून. अमेरिकेच्या अण्वस्त्र यंत्रणेतला आयबीएम सीरीज १ हा संगणक २०१९ पर्यंत आठ इंची फ्लॉपी वापरत होता. तोही कुठल्याच जाळ्यात नव्हता.

फाइली न्यायच्या असतील तर सीरियल केबल पुरते. पेनड्राइव्ह किंवा फ्लॉपी वापरत असाल तर ती त्या यंत्रासाठी वेगळी ठेवा, तिच्यावर ठळक रंगाने खूण करा, आणि मध्ये एका नव्या संगणकावर तपासणी होऊ द्या. जिथे एक्सपी आहे तिथे ऑटोरन, म्हणजे पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्रॅम आपोआप सुरू होणं, बंद करा. २००८ च्या शेवटी आलेला कॉन्फिकर हा वर्म पेनड्राइव्हवरूनही पसरला होता.

पण खरं सांगू का, तुमच्यासारख्यांच्या पत्रांत मला चोरापेक्षा हार्ड डिस्कची भीती वाटते. ती एक दिवस फिरायची थांबेल. या आठवड्यातच तिची पूर्ण प्रतिमा घ्या, ती कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डवर उतरवा, आणि त्या कार्डावर यंत्र खरोखर सुरू होतं का ते पाहा. सुरू झालं तरच ती प्रत म्हणायची.

प्रश्न : नाद सुटला, आता संगणक कुणाला तरी देऊन टाकायचा आहे. सगळ्या फाइली डिलीट करून फॉरमॅट केलं की पुरे ना?

उत्तर : पुरे नाही. डॉसमध्ये फाइल डिलीट केली की फक्त तिच्या नावाचं पहिलं अक्षर बदलतं आणि ती जागा मोकळी म्हणून नोंदली जाते. आतला मजकूर जिथल्या तिथे राहतो. १९९१ च्या डॉस ५ मध्ये तर डिलीट केलेलं परत आणणारी आज्ञा होती आणि फॉरमॅट उलटवणारीही.

अशा डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा शून्यं लिहा. डीबॅन नावाची बूट होणारी सीडी हे करते. एकदा पुरतं. पस्तीस वेळा लिहावं असं तुम्ही वाचलं असेल. पीटर गटमन यांच्या १९९६ च्या निबंधातून ते आलं, पण सगळ्या डिस्कना ते लागत नाही असं पुढे त्यांनीच स्पष्ट केलं. कार्डावर किंवा एसएसडीवर मात्र या शून्यांचा भरवसा धरू नका. तिथे जुने तुकडे मागे राहू शकतात. कार्ड काढून घ्या आणि यंत्र त्याच्याशिवाय द्या.

हे इतक्या आग्रहाने सांगण्याचं कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी ४८६ प्रोसेसरचा एक जुना संगणक घेतला होता. विकणाऱ्याने हार्ड डिस्क फॉरमॅट करून दिली होती. ती खराब तर नाही ना हे पाहायला मी तिची प्रतिमा घेतली, आणि त्यात एका बाईने आपल्या आजारी बहिणीला लिहिलेली पत्रं निघाली. पहिल्या पत्राच्या चार ओळी वाचून मी थांबले. विकणाऱ्याकडून पत्ता मिळवला, प्रतिमा एका सीडीवर लिहिली आणि पाठवली. माझ्याकडची प्रत आणि ती डिस्क, दोन्ही शून्यांनी भरली. पंधरा दिवसांनी उत्तर आलं : बहीण गेली होती, आणि ती पत्रं हरवली असं घरचे समजून होते.

म्हणून तुम्ही पुसण्याआधी एकदा नीट पाहून घ्या. डिस्कची प्रतिमा घ्या, ती नव्या संगणकावर उघडा, ठेवायचं ते ठेवा. मग शून्यं लिहा.